ससाण्याचं हसणं

चष्म्याच्या दुकानात तिसरी फ्रेम नाकावर चढवून तो आरशात बघत होता, तेवढ्यात त्याच्या पाठीमागे दादा हसला. दादाला जाऊन सहा वर्षं झाली होती. पण हसला तो दादाच, त्यात तिळमात्र शंका नाही. आधी घशातली बारीक खरखर, मग एकदम वर उसळलेला मोकळा आवाज, आणि दम संपला तरी थांबायचं मनात नसल्यासारखी लांबलेली ती शेपटी. काउंटरची कड धरून त्याने आरशातूनच मागे पाहिलं. बाकावर एक टक्कल पडलेला गृहस्थ बसला होता. त्याने खिशातून फोन काढला, हसणं मध्येच तुटलं, आणि "हो गं, आणतो, विसरलो नाहीये," एवढं बोलून त्याने फोन परत खिशात घातला. चष्मेवाला म्हणाला, "ही शोभते तुम्हाला. वय कमी दिसतं." गृहस्थाला मात्र वाटलं, सगळं दुकान आपल्याकडेच बघतंय. तो ओशाळून सांगू लागला, "गेममधलं आहे हो ते. ससाणा. कॉलेजात होतो तेव्हाचं. बायको म्हणते, चाळिशी उलटली, आता तरी बदला. पण नाही बदलवत." चष्मेवाल्याचा चेहरा असा खुलला की बस. "ससाणा? अहो, त्याच्यापायी मी अकरावीत आपटलो!" आणि मग दोघंही, एकमेकांना जन्मात न पाहिलेले दोन बाप्ये, एका सुरात ओरडले, "सरका रे पोरांनो, मोठा भाऊ आलाय!" त्या दोघांच्या बरोबर मध्ये, कानाला किमतीची चिठ्ठी लोंबत असलेला, ससाणा स्वतः उभा होता. दोघांपैकी एकाने जरी त्याच्याकडे नीट पाहिलं असतं तरी काही उपयोग नव्हता. आवाजावर जगणाऱ्या माणसाला तोंड नसतं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांना एवढं सांगितलं म्हणजे पुरे. खेळणारा असतो एक नवशिका वैमानिक, अंतराळात एका चिमुकल्या यानात बसलेला. चहूबाजूंनी शत्रू. यान पेटतं, धोक्याची घंटा वाजते, आता गेलोच असं होतं, आणि त्या घटकेला रेडिओ खरखरतो आणि ससाणा येतो. येतो तो बढाया मारतच. 'अंतराळात वर-खाली नसतं म्हणे! असतं. मी असतो ते वर.' 'शत्रू मोजू नकोस, मी आलोय, आता उरतील तेवढेच मोज.' असलं त्याचं बोलणं. शत्रूच्या शेपटीला लागायचं, दोन-चार उडवायचे, आणि जाता जाता हसायचं. चोवीस वर्षांत या गेमचे पाच भाग निघाले. चित्रं बदलली, यानं बदलली, शत्रूसुद्धा बदलले. हसणं तेच राहिलं. एकदा ध्वनिमुद्रित झालेलं, तेच पाचही भागांत. दर वेळी त्याला, ससाण्याला आवाज देणाऱ्याला, म्हणायचे, या भागासाठी नव्याने हसा, आणि दर वेळी याचं काहीतरी निघायचं. घसा बसलाय. डॉक्टरांनी मना केलंय. शेवटी त्याने एक पक्कं उत्तर शोधून काढलं होतं. "लोकांच्या कानात बसलंय ते, कशाला उगाच हात लावता?" दिग्दर्शकांना ते फार शहाणपणाचं वाटायचं. लग्नकार्यात, डबिंगच्या कँटीनमध्ये, दाढदुखीने विव्हळत असताना दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा, कुणीतरी म्हणायचंच, एकदा हसा ना. तो म्हणायचा, "हसणं ऑफिसात ठेवून आलोय." लोक हसायचे. तो नाही हसायचा.

परवा फोन आला होता. नवी दिग्दर्शिका, पस्तिशीतली, चटपटीत बोलणारी. हा सहावा भाग आणि हा शेवटचा. यात ससाणा मरतो. शत्रूच्या महायानासमोर तो एकटाच वळतो, नवशिक्याला निसटू देतो, आणि कागदावर लिहिलंय, ससाणा हसतो, हसता हसता आवाज तुटतो. "आणि सर, हसणं या वेळी नव्याने घेऊ या," ती म्हणाली. "जुन्यात पंख्याची घरघर आहे, सतरंजी झटकल्यासारखं काहीतरी आहे. आणि एकदा स्वच्छ मिळालं की जुन्या पाचही भागांत तेच बसवून टाकू. सगळे भाग नव्याने येतायत ना. जुनं काढूनच टाकायचं." काढूनच टाकायचं. हे ती अशा सुरात बोलली की जणू गळका नळ बदलायचाय. त्याने बरं म्हटलं. दोन दिवस तो बरं म्हणूनच वावरत होता, चष्मासुद्धा त्यासाठीच, कागद वाचता यावा म्हणून. आणि आज दादा पाठीमागे हसला, त्याचा अर्थ त्याला चष्मा घेऊन रस्त्यावर आल्यावर कळला. उद्या अकरा वाजता, रेकॉर्डिंगला, दादा दुसऱ्यांदा मरणार होता. आणि त्याला मारायला, आवाजावर आवाज चढवून, त्याच्याच धाकट्या भावाला बोलावलं होतं.

रस्ता ओलांडून तो एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकला. उन्हाने पायरी तापली होती. त्याला त्या खोलीचा वास आला. पहिल्या भागाची खोली. पूर्वी गालिच्यांचं गोदाम होतं ते, मग कुणीतरी उरलेसुरले गालिचे भिंतींवर ठोकले, सरसाने चिकटवले आणि म्हणाले, झाला स्टुडिओ. चार तास तो ओरडत होता. या धंद्यात संवाद बिंवाद नसतात, यादी असते. डावीकडे वळ. उजवीकडे वळ. गोळी लागली. गोळी चाटून गेली. यान पेटलं. प्रत्येक गोष्ट तीन तऱ्हांनी. दोनशे अकराव्या ओळीला लिहिलं होतं, ससाणा हसतो. आणि त्याच्या घशातून जे निघालं ते विहिरीच्या काठाला बादली घासावी तसं होतं. पुन्हा केलं, तेच. दिग्दर्शक वैतागून चहाला निघून गेला, मागोमाग रेकॉर्डिस्ट विडी ओढायला. यंत्र चालूच राहिलं. कोपऱ्यात स्टुलावर दादा बसला होता, काचेपलीकडून न दिसणाऱ्या जागी. तो स्कूटरची किल्ली द्यायला आला होता. बाहेरच्या माणसाला आत यायची बंदी, म्हणून याने त्याला दटावून ठेवलं होतं, तोंडातून अवाक्षर काढू नकोस. दादा बंदरावर क्रेन चालवायचा. चाळीस मीटर उंच, काचेच्या खोपटात, एकटा. वरून खाली आला तरी वरच असल्यासारखा चालायचा, एक हात मागच्या खिशात. "वरून बघितलं ना, सगळे मुंगीएवढे," म्हणायचा, "मग राग येणार तरी कुणाचा?" ससाण्याची सगळी ऐट याने त्याच्याकडून उचलली होती. मान तिरकी करणं, शेवटचा शब्द ओढणं, ते मोठा भाऊ आलायसुद्धा. लहानपणी मैदानावर याला कुणी धरलं की दादा लांबूनच ते ओरडत यायचा. पण ते सोडा. नक्कल हा नटाचा धंदाच आहे, त्याबद्दल त्याला कधी काही वाटलं नाही. तर दादा स्टुलावरून हळूच म्हणाला, "अरे, मार खाऊन आलेल्या पोरासारखा काय हसतोस? जिंकलेला माणूस असा हसतो होय रे?" हा चिडून म्हणाला, "मग कसा हसतो?" घसा असा बसला होता की तेसुद्धा कोंबडीसारखं निघालं. आणि दादा हसला. मायक्रोफोनसाठी नाही, ससाण्यासाठी तर नाहीच. धाकट्या भावाचं ते पडलेलं थोबाड बघून हसला, पोटापासून, डोक्यावरून ओझं उतरावं तसा. हसणं संपतंय तोच भिंतीवरच्या कर्ण्यातून दिग्दर्शकाचा आवाज आला, "कोण हसलं?" दादाने ओठांवर बोट ठेवलं. डोळे मिचकावले. आणि हा म्हणाला, "मी."

चोरी नव्हती ती. निदान त्या क्षणाला नव्हती. दोघा भावांनी मिळून मास्तरांना फसवावं तसं होतं ते. खाली आल्यावर स्कूटरला किक मारता मारता दादा म्हणाला होता, "घे, तुला दिलं. माझ्याकडे काय, ढीग पडलाय." आणि त्याच्याकडे खरोखरच ढीग होता. त्या वर्षी तो किती हसला असेल! मग गेम बाजारात आला. पोरं वेडी झाली. याला कामं मिळू लागली, नाव मिळालं, जाहिराती मिळाल्या. ससाणा हसतो तसा नट, असं लोक म्हणायचे. आणि हा कुणालाच दुरुस्त करायचा नाही, कारण दुरुस्त करण्याजोगा क्षणच येत नाही, येतो तेव्हा तो क्षण आहे असं वाटतच नाही. आला तो तीन वर्षांनी आला. पुतणीचा चौथा वाढदिवस. दादाच्या दोन खोल्यांत पंचवीस माणसं कोंबलेली, फुग्यांचा रबरी वास, कुणाच्या तरी खांद्यावर सांडलेलं सरबत. कुणी तरी काही तरी विनोद केला आणि दादा हसला. खोलीभर हसला. पुतणीच्या बालवाडीतल्या कुठल्या पोराचा बाप, भला माणूस, दादाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "वा! धाकट्या भावाची नक्कल काय बेमालूम करता हो! अगदी ससाणा!" सगळे टाळ्या वाजवायला लागले. परत करा, परत करा. दादाने मान वळवून याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं, आता तू बोल, अशा अर्थाने. हा भिंतीशी उभा होता, हातात कागदाची बशी. आणि याने काय केलं? तो हसला. लोकांबरोबर, कौतुकाने, 'चाललंय दादाचं' अशा सुरात तोही हसला. मग दादा म्हणाला, "छे हो, मला कुठलं जमतंय. सगळं त्याचंच," आणि पाणी आणायला आत गेला. दाराशी वहिनी सुरी धरून उभी होती. तिने सगळं पाहिलं. ती मरेपर्यंत काही बोलली नाही. दर भेटीत ताट वाढलं, वर आग्रह केला, पण हा विषय नाही. आणि दादा त्यानंतर कधी तसा हसला नाही. याच्यापुढे नाही, कुणापुढेच नाही. माणसाला त्याच्याच हसण्याची नक्कल केल्याचा आरोप येतो आणि तो कबूल करतो, मग तो हसणार तरी कुठल्या तोंडाने?

मागच्या वर्षी वहिनी गेली. तिला पोहोचवून सगळे परतत होते तेव्हा याच्या मनात एकच शब्द आला होता, लख्ख, ऐकू यावा इतका मोठ्याने. सुटलो. ज्याला कळत होतं असं शेवटचं माणूस गेलं. मग त्या शब्दाने त्याचा पिच्छा धरला. आंघोळ करताना, दाढी करताना, सुटलो. कशातून रे? पायरीवर बसल्या बसल्या त्याने गालावरचा घाम पुसला. हसण्याचं आता कुठे काय उरलं होतं? दादाच्या लग्नाच्या कॅसेटला बुरशी लागली. फोनमधली चित्रं सगळी नंतरची. उरलं होतं ते त्या टकलू माणसाच्या खिशात, कुणाच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये, आणि तेसुद्धा ससाण्याच्या नावावर, म्हणजे याच्या नावावर. उद्या अकराला तेही पुसलं जाणार. तो उठला. संध्याकाळपर्यंत थांबलो तर परत धीर होणार नाही, हे त्याला स्वतःबद्दल चांगलंच ठाऊक होतं. पुतणीचं क्लिनिक तिथून तीन थांबे होतं.

पुतणी कान तपासते. भिंतींना मऊ गाद्या लावलेली, जाड दाराची खोली, आत खुर्ची, हेडफोन, पेशंटने आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. तिच्याकडे नेहमी म्हातारी माणसं असतात आणि ती त्यांच्याशी एकाच पट्टीत, न ओरडता, इतकं छान बोलते की दादा असता तर छाती फुगली असती त्याची. एका आजोबांना वाटेला लावून ती बाहेर आली. "काका! या वेळी? आणि घामाघूम काय झालायस? आधी बस. बघू, कानात दडे बसलेत ना? तुला किती वर्षं सांगतेय, त्या हेडफोनांनी वाट लागणारय तुझ्या कानांची." त्याने तिला हाताला धरून आतल्या गादीच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. आत इतकी शांतता होती की त्याला स्वतःचं रक्त ऐकू येत होतं. त्याने सांगितलं. आडवळण न घेता, यादी वाचावी तसं. गालिच्यांची खोली, स्टूल, कोण हसलं, मी. वाढदिवस. बशी. सांगून झालं तेव्हा त्याला वाटलं, आता ही रडेल, नाही तर थोबाडीत देईल, आणि दोन्हीची त्याला जवळजवळ भूक लागली होती. तिने दोन्हीतलं काही केलं नाही. ती त्याच्याकडे बघत होती, मघाशी त्या आजोबांकडे बघत होती तशीच.

"काका," ती म्हणाली, "तू नीट जेवतोयस ना?"

"अगं, मी काय सांगतोय!"

"ऐकलं मी. आई गेल्यापासून तू असा झालायस, मला दिसतंय. पण हे नको करूस. स्वतःचं काढून बाबांना देऊ नकोस. बाबांना नसतं आवडलं."

"माझं नाहीच ते. त्याचं आहे."

"मी वीस वर्षं बाबांबरोबर एका घरात राहिले. बाबा तसे हसायचेच नाहीत." तिने खुर्ची ओढून त्याच्यासमोर घेतली. "बाबा तोंड मिटून हसायचे. नाकातून. खांदे हलायचे नुसते, आवाज नाही. मी लहानपणी त्यांच्या छातीवर कान ठेवायची ना, आतमध्ये ऐकू येतंय का बघायला. काही नाही यायचं. मी कानांचं काम का घेतलं माहितेय? त्याच्यामुळेच असेल. आणि तू मला सांगतोस, ससाण्याचं हसणं बाबांचं! अरे, ते तुझं आहे. मी शाळेत सगळ्यांना सांगायचे, माझा काका हसतो तो. बाबाच शिकवायचे मला, सांग बरं, कोण हसतंय? काका! म्हटलं की मला उचलून घ्यायचे."

छातीवर ठेवलेला तो लहान कान त्याला दिसला आणि त्याला तिथेच बसून राहावंसं वाटलं, कायमचं, दार लावून. दादाने नुसतं दिलं नव्हतं. दिल्याची पावतीसुद्धा पोरीकडून रोज घोकून घेतली होती. का? रागाने? की खरंच त्याला काकाचं कौतुक होतं? हे आता कुणाला विचारायचं? "आईने सांगितलं असतं की मला," पुतणी म्हणाली. तो म्हणाला, "उद्या पुरावा देतो. त्या दिवशी यंत्र चालू होतं. कच्चं रेकॉर्डिंग कुठेतरी ठेवलेलं असणार, हे लोक काही फेकत नाहीत. तू उद्या साडेअकराला फोन उचल, बस्स." ती म्हणाली, "उचलेन रे," आणि त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली.

नवा स्टुडिओ सहाव्या मजल्यावर. गालिचे नाहीत, राखाडी स्पंजाचे उंचवटे, आणि गारठा. दिग्दर्शिकेने स्वतः उठून त्याला पाणी दिलं. "सर, एक सांगू?" ती म्हणाली. "मला ना, मोठा भाऊ नव्हता. घरात रोज भांडणं. मी हेडफोन लावून बसायची आणि मुद्दाम शत्रूंच्या घोळक्यात घुसायची. गोळ्या खायची. यान पेटेपर्यंत थांबायची, म्हणजे मग तुम्ही येणार. जिंकायचं नव्हतंच मला. मला ते शेवटचं हसणं हवं असायचं. हसणं ऐकलं की वाटायचं, झालं, आता कुणी काही करू शकत नाही." या बाईला दादाने किती वेळा वाचवलं होतं, बंदरावरच्या त्या खोपटात बसून, तिचं नावसुद्धा माहीत नसताना! आणि तोंड मिटून.

लाल दिवा लागला. त्याने आधी मरणाच्या ओळी केल्या. यान पेटलं. पंख तुटला. 'पळ रे, मागे बघू नकोस, इथलं मी बघतो.' प्रत्येक तीन वेळा. चांगलं झालं, काचेपलीकडे ती डोळे पुसत होती. मग हसण्याची ओळ आली. रात्रभर त्याने ठरवलं होतं की प्रयत्नच करायचा नाही, पण दिवा लागला की गळा आपोआप उघडतो, पंचवीस वर्षांची सवय. तो हसला. आणि हसला तो कसा? ओठ मिटलेले, खांदे हलतायत, नाकातून थोडी हवा. त्याला थांबवता येईना. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने काटा बघितला आणि मान हलवली, काहीच उमटत नव्हतं. "सर?" कर्ण्यातून तिचा आवाज आला. "बरं वाटतंय ना? राहू दे. असं करू, आधी जुनं ऐकू या, कच्चं, अख्खं. म्हणजे सूर सापडेल." त्याने घड्याळ पाहिलं. अकरा पस्तीस. त्याने पुतणीला फोन लावला, "ऐक," म्हणाला, आणि फोन कर्ण्यासमोर धरला.

पंख्याची घरघर. स्टूल कुरकुरलं. त्याने श्वास रोखला. आता दादा बोलेल, मार खाऊन आलेल्या पोरासारखा, आणि संपेल सगळं. पण ते वाक्य दादाने किती हळू म्हटलं होतं! काटा जेमतेम हलला, त्या घरघरीत एक पुटपुट, कुणाचीही असेल अशी. मग त्याचा स्वतःचा कोंबडीसारखा आवाज. मग ते हसणं, पूर्ण, कापलेलं नाही, शेपटीला आणखी थोडी शेपटी, जी जगात कुणी कधी ऐकली नव्हती. त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. मग, "कोण हसलं?" आणि लगेच, जराही न अडखळता, तरणा, खणखणीत, घसा अचानक सुटलेला एक आवाज. "मी."

त्याने फोन कानाला लावला. "ऐकलंस?" तो म्हणाला. पुतणी अगदी हळू, समजूत घालावी तशी म्हणाली, "ऐकलं रे काका. तूच सांगतोयस की. मी म्हणून. आता घरी जा आणि झोप. संध्याकाळी मी येते, खिचडीबिचडी करते काहीतरी." तिने फोन ठेवला.

दिग्दर्शिका आत आली होती. तिला वाटलं, जुनं ऐकून सरांना भरून आलं. तिचेही डोळे लाल होते. "आपण वेडेपणा करत होतो," ती म्हणाली. "याच्या जागी दुसरं काही बसवायचंच नाही. घरघर राहू दे. ससाणा यानेच मरू दे, आणि जुन्या पाचही भागांत हेच राहू दे. फक्त एक काम. तेव्हा हा नियम नव्हता, आता आहे. यंत्रं कुणाचाही आवाज काढतात ना, म्हणून प्रत्येक आवाजाला त्याच्या मालकाने बोलून दाखवावं लागतं, मायक्रोफोनवर, की हा माझा आहे. नाही तर कापावा लागतो. मागच्या महिन्यात मागे कुणी तरी खोकलेलं होतं, इतका सुंदर खोकला, मालक सापडला नाही, कापला." त्याने विचारलं, सहज विचारावं तसं, "आणि मालक हयात नसला तर?" "मग वारसाने सांगायचं. हा आमच्या माणसाचा आहे, आम्ही ओळखतो, म्हणून. वारसच नाही म्हणाला, की संपलं." ती हसली. "पण तुम्ही तर समोर उभे आहात."

तो समोर उभा होता. हातात फोन, फोन अजून गरम. खरं सांगून टाकायचं होतं ते याच लोकांना, आत्ताच, एवढ्यासाठीच तर तो रात्रभर जागला होता. तोंड उघडलं की दादाचं नाव लागेल, आणि नाव लागलं की अर्ध्या तासात दादा कापला जाईल. ओळखणारं एकच माणूस होतं आणि ते म्हणालं, बाबा तसे हसायचेच नाहीत. खोटं बोललं तर राहील. टकलू माणसाच्या खिशात राहील, कुठल्या तरी भांडणाच्या घरात हेडफोन लावून बसलेल्या पोरीच्या कानात राहील. दादा, सांग रे, काय करू? दादा काही सांगणार नव्हता. तो पाणी आणायला आत गेला होता.

त्याने हेडफोन चढवले. कागदावर एकच ओळ होती, नवा चष्मा लावून ती लख्ख दिसत होती. लाल दिवा लागला.

"हे हसणं माझं आहे," तो म्हणाला.

"जरा हललं, सर," कर्ण्यातून ती म्हणाली. "परत एकदा."

"हे हसणं माझं आहे."

"हं. अजून एकदा घेऊ. ऐकणाऱ्याला शंका यायला नको."

त्याने डोळे मिटले. मान किंचित तिरकी केली, शेवटचा शब्द ओढला. "हे हसणं माझं आहे."

"वा," ती म्हणाली. "आता खरं वाटलं."